जुन्या जीपचे स्टेअरिंग

मंडळी, मुंबईत पूर्वी विलिस जीप जोडत असत. तसली एक जुनी जीप माझ्या पुतण्याकडे आहे. स्टेअरिंग चार बोटे रिकामेच फिरे, मग कुठे गाडी वळे. घाटात आमचा जीव मुठीत!

मिस्त्रीने स्टेअरिंगचा डबा उघडला. आत एका दांड्याला मळसूत्रासारखी खाच असते. दुसऱ्या दांड्याच्या दोन खुंट्या त्या खाचेत बसतात. स्टेअरिंग फिरवले की खुंट्या सरकतात, अन् पुढची चाके वळतात. आमच्या खुंट्या झिजल्या होत्या, खाचही.

मी म्हटले, "अरे, बाजूचा स्क्रू आवळ, झालं!"

तो म्हणाला, "नको गुरुजी. गाडी सरळच जास्त चालते, म्हणून खाच मधेच जास्त झिजते. मधली ढिलाई आवळून काढली, तर वळणावर स्टेअरिंग अडकेल."

वळणावर! खाली दरी. मी गप्प बसलो.

त्याने दोन्ही दांडे अन् छर्रे नवे घातले. झाकणाखालच्या पातळ चकत्या काढून पाहिल्या, पुन्हा घातल्या. दांडा डुगडुगू नये, पण सहज फिरावा. यातच दुपार गेली. मग चाके सरळ ठेवून स्क्रू लावला, तेल भरले.

खुंट्यांचा जुना दांडा मी आणला आहे. घ्या, बोटाने चाचपून पाहा.