फिट थांबली, लक्षाचं काय?



बहुतेक वर्गांत एखादं मूल असतं, ज्याच्या प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला तोच शेरा पडतो : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ अशा बहुतेकांचं लक्ष खिडकीबाहेर असतं आणि त्यात काळजीचं काही नसतं. पण एखाद्याची गोष्ट वेगळी असते. श्रुतलेखन चालू असताना हात मध्येच थांबतो, नजर खिळते, पापण्या किंचित फडफडतात. पाच-दहा सेकंदांनी लिहिणं पुन्हा सुरू होतं, पण मधले तीन-चार शब्द गाळलेले असतात. पडणं नाही, हातपाय झाडणं नाही, तोंडाला फेस नाही. ही फिट आहे अशी शंका कुणाला येणार? या अपस्माराला ‘चाइल्डहूड ॲब्सेन्स एपिलेप्सी’ म्हणतात. साधारण चार ते दहा या वयात तो सुरू होतो आणि अशा फिट दिवसातून कित्येकदा येतात.

मेंदूतल्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, माणसावर प्रथम काढला तो जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी, 1924 साली. पुढे 1935 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी या फिटचा ठसा ओळखला : सेकंदाला सुमारे तीन या लयीत उठणाऱ्या टोकदार लाटा. फिट कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे कळू लागलं. त्या वेळी मेंदूच्या आत कुठे काय चाललेलं असतं, हे मात्र आलेखावरून कळेना.

त्यासाठी फंक्शनल एमआरआय यावा लागला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथल्या रक्तप्रवाहात आणि प्राणवायूत होणारा बदल हे यंत्र टिपतं. पण त्यात हलायचं नसतं, आणि झटके येणाऱ्या माणसाला फिटच्या वेळी निश्चल ठेवणार कसं? ही अडचण ॲब्सेन्समध्ये जवळपास येतच नाही, कारण फिट आलेलं मूल तसंच शांत पडून राहतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॅल ब्लुमेनफेल्ड यांच्या गटाने नेमकं हेच हेरलं. मुलांच्या डोक्याला ईईजीच्या तारा, भोवती यंत्राचा खडखडाट, समोर पडद्यावर एकामागून एक येणारी अक्षरं. ठरलेलं अक्षर दिसलं की बटण दाबायचं. मोठ्यांनाही कंटाळा यावा असं हे काम ती मुलं करत होती!

2010 साली या गटाने नऊ मुलांच्या 88 फिटचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिट सरासरी सुमारे साडेसहा सेकंदांची. ईईजीवर ती झटकन सुरू होऊन झटकन संपत होती, बटण दाबणंही तिच्याबरोबरच थांबून पुन्हा सुरू होत होतं. एमआरआय यंत्राला दिसलेली गोष्ट मात्र याहून लांब होती. मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या काही भागांत फिटच्या पाच सेकंदांहून अधिक आधीच बारीक चढ दिसत होता, आणि नंतरची मोठी घसरण फिट संपल्यावरही वीस सेकंदांहून जास्त टिकत होती.

पुढचं निरीक्षण शाळेच्या जास्त जवळचं आहे. 2011 मध्ये याच गटाने अशा 26 मुलांची तुलना 22 निरोगी मुलांशी केली. फिट चालू नसतानाही या फिट येणाऱ्या मुलांचं लक्ष कमी पडत होतं. लक्ष टिकवताना कपाळामागच्या मधल्या भागाने जेवढं कामाला लागावं, तेवढं तो लागत नव्हता, आणि लक्षाशी निगडित भागांमधला आपसातला मेळही सैल होता.

मग औषधाने फिट थांबल्या की सगळं सुरळीत? तसं झालं नाही. 2010 मध्येच अमेरिकेतल्या 453 मुलांवर तीन औषधांची तुलना झाली. फिट रोखण्यात एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट जवळपास बरोबरीची ठरली. पण लक्षाच्या चाचणीत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या 49 टक्के मुलांमध्ये दोष आढळला, एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत 33 टक्के. त्याच मुलांच्या माहितीच्या पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली : तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त मुलांना लक्षाची अडचण औषध सुरू होण्याआधीपासूनच होती. (हे आकडे ऐकून कुणी घरच्या घरी गोळी बदलू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच.)

फंक्शनल एमआरआयच्या रंगीत चित्रांचं कौतुक मात्र जरा जपूनच केलेलं बरं. ती अनेक मुलांची सरासरी सांगतात. अमुक एका मुलाचं निदान त्यांवरून होत नाही. निदानासाठी आजही ईईजी लागतो आणि एक साधी युक्ती : मुलाला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचं, लहान असेल तर हातात भिरभिरं देऊन फुंकायला सांगायचं. उपचार न झालेल्या बहुतेक मुलांत त्या फुंकण्यानेच फिट येते.

वर्गात तर याहून सोपी खूण आहे. दिवास्वप्नात रमलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. ॲब्सेन्समधलं येत नाही. असं दिसलं, तर बाईंनी दिवस, वेळ आणि किती सेकंद ते लिहून ठेवावं, आणि ती नोंद ओरडा म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून आईवडिलांच्या हाती द्यावी. घरच्यांनी जमल्यास मोबाइलवर चित्रण करावं. आणि उपचार सुरू झाल्यावर दर फेरीला डॉक्टरांसमोर दोन गोष्टी मांडाव्यात : फिट किती आल्या, आणि शाळेत मूल किती वेळ एका जागी मन लावून बसतं.