मुडदूस : सगळाच उन्हाअभावी नसतो
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या बीडीडी चाळीच्या परिसरात आपण जमलो आहोत, ती १९२० च्या दशकात उभी राहिली. १६० चौरस फुटांची खोली आणि मधून जाणारा अंधारा बोळ आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा घरातील मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकले की शेजारीण निदान करून मोकळी होते, "मुडदूस आहे, उन्हात बसवा." बहुतेक वेळा तिचे बरोबर असते. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ती चुकते, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

ऊन झाले, कॅल्शियम झाले, 'ड' जीवनसत्त्वही झाले, तरी पाय वाकतच राहतात, उंची खुंटते, दातांच्या मुळाशी गळवे होतात. अशा मुडदुसाचे वर्णन फुलर अल्ब्राइट यांनी १९३७ मध्ये केले. त्याचे मूळ असलेले 'फेक्स' हे जनुक १९९५ मध्ये सापडले. ते बिघडले की हाडांतील पेशी एक संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात सोडतात आणि त्याच्या हुकमाने मूत्रपिंडे शरीरातील फॉस्फेट लघवीवाटे टाकून देतात. भिंतीला चुनाच मिळाला नाही तर गवंडी काय करणार? साधारण २०,००० जन्मांत एका बालकास हा विकार होतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. हा दोष आपल्या शाकाहाराचा नाही, आईच्या दुधाचा तर नाहीच. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी आनुवंशिकतेचा हिशेब समजून घ्यावा. हे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते. बाधित पित्याकडून ते सर्व मुलींकडे जाते, मुलांकडे एकाही नाही. बाधित मातेच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता असते. काही बालकांत तर घराण्यात पूर्वी कोणालाही नसताना हा बिघाड नव्याने होतो.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे : रक्तातील फॉस्फरसची तपासणी. मात्र मुलांत हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. अहवालावर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असली तर कमतरता नजरेतून निसटते. केवळ 'ड' जीवनसत्त्वाची मात्रा वाढवत नेल्यास मूत्रपिंडात कॅल्शियम साचण्याचा धोका असतो, म्हणून तो उपचार स्वतःच्या मनाने करू नये. फॉस्फेट दिवसातून अनेक वेळा, सोबत सक्रिय 'ड' जीवनसत्त्व, ही जुनी पद्धत. २०१८ मध्ये परदेशात मान्यता मिळालेले 'ब्युरोसुमॅब' हे इंजेक्शन त्या संप्रेरकालाच अडवते. पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वाकड्या पायांच्या मुलाला लिफ्ट म्हणजे काय, हे तीन मजले त्याला कडेवर घेऊन चढणाऱ्या आईलाच विचारावे.

आपल्यापासून परळ दूर नाही. १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय तेथे आहे, आणि २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार दुर्मीळ आजारांचे केंद्र ठरलेले केईएमही. जाताना मुलाचे जुने एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल न्यावेत. घरात कोणाची उंची कमी, पाय वाकडे असतील तर त्यांनाही सोबत न्यावे.