सोनखत ते स्ट्रुव्हाइट

मानवी मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात, आणि त्या नावातले मोल अकोल्याच्या मोर्णा नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातही असते, कारण पिकाने मातीतून उचललेले नत्र व स्फुरद अन्नावाटे शहरात येऊन अखेर गटारात उतरतात. मात्र अकोला-अमरावतीकडील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, जेथे जमिनीत सोडियमचे क्षार आधीच जास्त आहेत, तेथे सांडपाणी सरळ पऱ्हाटीला सोडल्यास क्षारांची भर पडून काळी माती चोपण होते, म्हणजे तिच्यात पाणी मुरेनासे होते. त्यापेक्षा गाळ कुजवताना सुटणारे पाणी किंचित अल्कधर्मी करून त्यात मॅग्नेशियम मिसळले, की अमोनियम व फॉस्फेट यांच्याशी त्याचा संयोग होऊन ‘स्ट्रुव्हाइट’ हे मिठाच्या कणांसारखे पांढरट स्फटिक तळाशी बसतात आणि सोडियम बहुतांशी पाण्यातच राहतो. शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये खताच्या पोत्यावरील हिशेबाने सुमारे २९ टक्के स्फुरद, पण नत्र जेमतेम ६ टक्के असते. तुरीला हे फारसे खटकत नाही, कपाशीला मात्र युरियाची जोड लागतेच. मुळांतून स्रवणारी आम्ले स्ट्रुव्हाइट सावकाश विरघळवतात, परंतु वऱ्हाडातील चुनखडीयुक्त जमिनीत हा वेग आणखी मंदावत असल्याने ते वर फेकण्यापेक्षा बियाण्याजवळ पेरून दिलेले बरे.