शेतातून रुग्णालयात

रशियातून आलेल्या मेनोनाइट कुटुंबांनी १८७४ पासून अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात गव्हाची शेती उभी केली. शस्त्र न धरणारा, साधेपणा जपणारा हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मंडळीत प्रवचनाचा अधिकार पुरुषांकडे होता. १९०८ मध्ये न्यूटन गावी बेथेल डीकनेस रुग्णालय उघडले आणि शेतकऱ्यांच्या मुलींना सेवाव्रती परिचारिका, म्हणजेच डीकनेस, होण्याची वाट मिळाली. तिथल्या सिस्टर फ्रीडा कॉफमन यांनी तर पुढे संस्थेची धुराही सांभाळली. म्हणूनच मला वाटते, या मुलींनी श्रद्धा सोडून नव्हे, तर श्रद्धेच्याच बळावर नवे आयुष्य घडवले. पहाटे उठून धारा काढणाऱ्या, घरातल्या आजाऱ्याची उशाशी बसून शुश्रूषा करणाऱ्या मुलीला रात्रपाळीचे कष्ट नवखे नव्हते. नवे होते ते शास्त्र, म्हणजे निर्जंतुकीकरण, शरीररचना, औषधांची मात्रा.

यावर आक्षेप येतो की हे फुकट राबवून घेणेच होते. आक्षेप गंभीर आहे. डीकनेसला पगार नसे. गणवेश, निवास, किरकोळ खर्चापुरते पैसे आणि म्हातारपणी आधार एवढेच मिळे, शिवाय लग्न केले की व्रत सुटे. पण पगार नव्हता एवढ्यावरून कर्तृत्वही नव्हते असे ठरत नाही. ज्या समाजात स्त्रीला व्यासपीठ नव्हते, तिथे त्या शस्त्रक्रियागृह चालवत, विद्यार्थिनी घडवत, हिशेब पाहत. त्यांच्या त्यागाचे मोल मंडळीने पुरेसे चुकवले नाही, हे मात्र मान्यच करावे लागेल.