पडण्याआधीची तक्रार

(घाटकोपर येथे महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



१३ मे २०२४ रोजी छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होतं सुमारे १२० बाय १२०! त्याआधी २५ जुलै २०१७ला इथेच सिद्धी-साई इमारत पडली. तेव्हाही १७. दोन्ही वेळा कायदा धावत आला तो नंतर, पंचनाम्याला.

पडण्याआधी येणारा कायदा असतो का? प्राचीन रोममध्ये होता. तेही भाड्याच्या उंच माड्यांचं, दाटीवाटीचं शहर. शेजारचं घर पडेल अशी भीती वाटली की प्रेटर नावाच्या न्यायाधिकाऱ्याकडे जायचं. पडझड झाली तर भरपाई देईन, अशी हमी मालकाने आधीच द्यायची. नाही दिली तर तक्रारदारालाच त्या घराचा ताबा मिळे. रहदारीच्या वाटेवर पडेल असं काही छपरावर ठेवलं किंवा टांगलं, तर कुणाला इजा झाली नसली तरी दंड! ही दुसरी तक्रार कुणाही नागरिकाला करता येई. ‘कुणाही’मध्ये बाई मात्र नव्हती. अशा सार्वजनिक तक्रारी बायका आणि अज्ञान मुलांना नाहीत, स्वतःचा संबंध असेल तरच, असं उल्पियन हा कायदेपंडित लिहून गेला.

आपल्याकडे बाईला मज्जाव नाही. महापालिका कायद्याच्या कलम ३५४खाली धोकादायक इमारतीला नोटीस निघते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली (पूर्वीचं १३३) पडायला आलेलं बांधकाम हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, कुणीही दिलेल्या माहितीवरून.

मग भिंतीला तडा दिसत असूनही आपण गप्प का? कारण नोटीस आली की घर आपल्यालाच सोडावं लागतं. जायचं कुठे? माहुलला पाठवलेल्यांचे हाल आपण पाहिलेत. चार घरची कामं सुटतात, पोरांची शाळा सुटते. भाडेपावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. टाकलेल्या बाईचं तर यादीत नावच नसतं. रोमन कायद्याने निदान हमी मालकाकडून मागितली, इथे भार राहणारीवर पडतो.

म्हणून तक्रार एकटीने नको, मंडळाच्या नावे द्या. अर्जातच दोन मागण्या घाला: पर्यायी घराची मालकाकडून लेखी हमी, आणि राहणाऱ्यांच्या यादीत प्रत्येक बाईचं स्वतंत्र नाव. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय वॉर्ड ऑफिसातून उठू नका.