पुलावरून काय टाकलं?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांची अट आहे की नोकरी, मुलं आणि गुडघे सोडून बोलायचं. म्हणून मी एका अमेरिकन गाण्याबद्दल बोलणार आहे. आमच्या ऑफिसात या गाण्यावरून डबे उघडल्यापासून ते धुवेपर्यंत आठवडाभर वाद चालला होता.

गाणं १९६७ सालचं, 'ओड टू बिली जो'. बॉबी जेन्ट्री या मिसिसिपीतल्या गायिकेनं स्वतः लिहिलं आणि गायलं. एक गिटार, मागे थोडी तंतुवाद्यं, आणि तिचा खर्जातला आवाज. त्या ऑगस्टमध्ये या गाण्यानं अमेरिकेत बीटल्सना पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं.

गोष्ट साधी आहे. जूनमधली दुपार. कापसाच्या शेतात राबून मुलगी आणि वाळल्या गवताचे भारे बांधून भाऊ जेवायला घरी येतात. आई बातमी सांगते, की गावातला बिली जो टॅलाहाची नदीच्या पुलावरून उडी मारून गेला. वडील चवळी पुढे सरकवत म्हणतात, त्या पोराला अक्कल कमीच होती. आणि बिस्किटं मागतात. (त्यांची बिस्किटं म्हणजे आपली चहात बुडवायची नव्हेत, मऊ पावासारखी असतात.) भाऊ बिली जोची एक जुनी खोडी आठवतो आणि पाय नावाच्या गोड पदार्थाचा आणखी एक तुकडा घेतो. आई मुलीला म्हणते, तू काहीच खाल्लं नाहीस. मग सहज सांगावं तसं सांगते: पाद्री येऊन गेले, तुझ्यासारखी दिसणारी एक मुलगी बिली जोबरोबर पुलावरून काहीतरी टाकताना त्यांना दिसली होती.

काय टाकलं, हे गाणं सांगत नाही. मुलगी तर जेवणभर एक शब्द बोलत नाही.

आमच्याकडे कुणी अंगठी म्हणालं, कुणी नको असलेलं मूल, कुणी व्हिएतनामच्या लढाईसाठीच्या सक्तीच्या भरतीचं कार्ड. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना हसू येईल. 'कवयित्रीला काय सुचवायचे आहे?' हा चार मार्कांचा प्रश्न आम्ही चाळिशीतही सोडत होतो. १९७६मध्ये या गाण्यावर सिनेमा निघाला. त्यात ती वस्तू कापडी बाहुली ठरवली, उडीचं कारणही देऊन टाकलं. म्हणजे गाईड छापलं. मला ते उत्तर अगदीच फुसकं वाटतं.

जेन्ट्रीचं म्हणणं होतं की गाणं त्या वस्तूचं नाहीच. एकाच्या मरणाबद्दल जेवता जेवता किती सहज बोललं जातं, त्याचं आहे. हे मला पटतं, पण आईच्या बाबतीत मी अडते. भरलेलं ताट तिनंच पाहिलं, आणि पाद्र्याची गोष्ट तिनं त्यानंतर काढली. मला वाटतं, ती मुलीला बोलायला वाट करून देत होती. तिला सरळ विचारता आलं नाही, एवढंच. शेवटच्या कडव्यात वर्ष उलटलेलं आहे, वडीलही गेलेत, आईचं कशात लक्ष नाही, आणि मुलगी एकटीच त्या पुलावरून फुलं सोडते. एका घरात दोघी, आणि तरीही एकमेकींशी बोलत नाहीत.

आपला एक मित्र आज इथे नाही. अकरावीच्या पावसाळ्यात तो गेला. काल रात्री जेवताना पुन्हा तोच विषय निघाला: मार्क असतील, घरचं असेल, कुणी मुलगी असेल. तीस वर्षांत आपले सगळे अंदाज करून झालेत. मधेच कुणीतरी श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवलं. टेबलाच्या टोकाला त्याचा बाकावरचा जोडीदार बसला होता, आठवी ते दहावी ज्याच्याशेजारी तो बसायचा. त्यानं ताटाला हात लावला नव्हता.

आज सकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसले. का, कसं, काही विचारलं नाही. तो कसा होता ते सांग, म्हटलं. तो पाऊण तास बोलला. पंक्चर काढताना तो सायकलची ट्यूब बादलीत बुडवायचा आणि बुडबुडे मोठ्यानं मोजायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. हे इथे सांगू का, असं मी त्याला विचारलं आहे. सांग, म्हणाला.

गाणं सव्वाचार मिनिटांचं आहे. चहाच्या वेळी कोपऱ्यातल्या स्पीकरवर लावणार आहे. बाकीच्या गोष्टी त्याच्याकडूनच ऐका, तो तिथेच असेल.