ऐकीव गोष्ट आणि कोर्टाचा कागद

आज आम्ही तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. हा कागद कोर्टात असतो. दारू पिऊन गाडी चालवताना कोणी पकडला गेला, तर त्याचे नाव या कागदावर चढते. हा कागद कोठे सापडतो आणि तो कसा वाचावा, एवढेच आज पाहू.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने मुलीचे लग्न ठरवले. मुलगा मुंबईला लालबागात राहतो. टॅक्सी चालवतो. सुपारी फुटली आणि आठ दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, "पोरगा पिऊन गाडी चालवतो. परळला माणूस चिरडला त्याने. तुरुंगात होता." मुलाचे वडील म्हणाले, "आमचा पोरगा माळकरी आहे. दारूच्या थेंबाला शिवत नाही."

मुलीचा बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, खरे कोणाचे मानू?"

आम्ही म्हणालो, "कोणाचेच मानू नका. कागद पाहू."

आता तुम्ही विचाराल, असा कागद असतोच कशावरून? ऐका. सिग्नल मोडला, हेल्मेट घातले नाही, तर माणूस दंड भरून मोकळा होतो. दारूचे तसे नाही. हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही. प्रकरण कोर्टात जाते. कोर्टात गेले की नंबर पडतो, तारीख पडते, निकाल लिहिला जातो. म्हणून कागद राहतो.

कायद्याचे नाव मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १८५. हा आकडा लक्षात ठेवा. रस्त्यात पोलीस यंत्रात फुंकायला लावतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली, की गुन्हा झाला. मग गाडी सरळ चालत होती की वाकडी, हे कोणी विचारत नाही. २०१९ साली कायदा कडक झाला. आता पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मुंबईत २००७ सालापासून पोलिसांनी ही तपासणी जोरात चालवली आहे. रात्री नाकाबंदी करून गाड्या थांबवतात.

आता शोधायचे कसे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, कोर्ट कोणते? मुंबई एक, पण तिथे अशी कोर्टे अनेक. गिरगावात गिरगाव कोर्ट आहे. दादर-परळकडे भोईवाडा कोर्ट आहे. माझगावला एक आहे. आझाद मैदानाजवळ जुने किल्ला कोर्ट आहे. गाडी जिथे पकडली, त्या भागाचे प्रकरण कोणत्या कोर्टात जाते, हे तिथल्या पोलीस ठाण्यात विचारावे.

दुसरी गोष्ट, मोबाइलवर पाहणे. सरकारने 'ई-कोर्ट्स' नावाची सोय केली आहे. पैसे पडत नाहीत. त्यात राज्य निवडायचे, मुंबई निवडायची, कोर्ट निवडायचे. मग आरोपीचे नाव आणि साल घालायचे. इथे बरेच लोक एक चूक करतात. तिथे दोन खाने असतात. एक चालू खटल्यांचा, एक निकाली खटल्यांचा. लोक चालू खटले पाहतात आणि म्हणतात, "काही नाही बुवा." जुने प्रकरण निकाली खान्यात असते. म्हणून दोन्ही खाने पाहावेत. खटला सापडला की त्याला १६ अक्षरे-आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला सीएनआर म्हणतात. तो वहीत उतरवून घ्यावा. पुढच्या वेळी तेवढ्यावर खटला उघडतो. मोबाइल जमत नसेल, तर पुष्कळ कोर्टांत ई-सेवा केंद्र असते. तिथला माणूस मदत करतो.

आम्ही त्या शेतकऱ्याबरोबर असेच शोधले. त्या नावाचे तीन आरोपी निघाले! शेतकऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही म्हणालो, "थांबा. मधले नाव वाचा." आपल्या नावात मधले नाव बापाचे असते. दोघांच्या बापाचे नाव वेगळे होते. ते दुसरेच कोणी होते. तिसऱ्याचे मधले नाव मात्र जुळले. पुढे लिहिले होते, कलम १८५. आणि खटला निकाली.

मंडळी, नुसते नाव जुळले म्हणून माणूस तोच, असे धरू नका. बापाचे नाव पाहा. वय, पत्ता, गाडीचा नंबर, तारीख, जे मिळेल ते पडताळा. नाही तर निरपराध माणसाची अब्रू जायची.

तिसरी गोष्ट, नक्कल. मोबाइलवर थोडेच कळते. पुरा निकाल पाहायचा तर कोर्टात नकलेचा अर्ज द्यावा लागतो. ज्याचा खटला, त्याला नक्कल मिळते. तिऱ्हाइताने मागितली तर कारण लिहावे लागते. मग द्यायची की नाही, ते कोर्ट ठरवते. म्हणून आम्ही शेतकऱ्याला म्हणालो, "चोरून कशाला? मुलालाच विचारा."

मुलगा आला. आधी खाली मान घालून बसला. मग स्वतःच जाऊन नक्कल घेऊन आला. त्या शेतकऱ्याने दोन वर्षांमागे रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवली होती. त्याने ओळीखाली बोट धरून वाचले. मित्राच्या हळदीला मुलगा दारू प्याला होता. गिरगावातून लालबागला परतताना नाकाबंदीत सापडला. कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड भरला. कोणी चिरडले नव्हते. कोणी तुरुंगात गेले नव्हते.

म्हणजे पाहा, गाव म्हणत होते त्याहून कमी, आणि घरचे म्हणत होते त्याहून जास्त. दोघांचेही बोलणे खोटे ठरले. खरे तेवढे कागदावर होते.

कागदातले चार शब्द नीट ओळखा. 'आरोपी' म्हणजे ज्याच्यावर आळ आहे तो. 'दोषी' म्हणजे ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला तो. 'निर्दोष' म्हणजे सुटलेला. 'प्रलंबित' म्हणजे निकाल लागायचा आहे. आरोपी वाचून दोषी म्हणू नये. हा मोठा अन्याय आहे.

आणि पहिला निकाल वाचून थांबूही नये. मुंबईतलाच एक खटला सांगतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याला कार्टर रस्त्याकडेला मजूर झोपले होते. पोटासाठी मुंबईत आलेली माणसे. त्यांच्यावर मोटार गेली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम दारू निघाली. मर्यादेच्या जवळजवळ चौपट! २००७ साली सेशन कोर्टाने सहा महिन्यांची कैद दिली. लोक हळहळले. त्याच वर्षी हायकोर्टाने ती वाढवून तीन वर्षांची सक्तमजुरी केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने तीच कायम ठेवली. ज्याने पहिलाच कागद वाचला, तो आजही सहा महिनेच म्हणत बसेल. सुप्रीम कोर्टाचे निकाल मोबाइलवर कोणालाही फुकट वाचता येतात.

अपघातात कोणी दुखावला किंवा दगावला, तर पोलीस ठाण्यात प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, लिहिली जाते. नाजूक प्रकरणे सोडून बाकीच्या खबरी पोलिसांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवाव्यात, असा सुप्रीम कोर्टाने २०१६ साली हुकूम केला आहे. आपला माणूस मुंबईत अपघातात गेला, तर हा कागद पहिल्यांदा हाती घ्या. नुकसानभरपाई मागायला तो लागतो.

एखाद्या भागात वर्षात अशी प्रकरणे किती झाली, हा आकडा हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरावा. हा कायदा २००५ चा. अर्ज वाहतूक पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याला करावा. विषय एकच ठेवावा, मजकूर १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर अपील करता येते. मात्र यात आकडे मागावेत. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी मागू नयेत.

हे आम्ही मुंबईचे सांगितले. पण कायदा एकच आहे. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही असाच शोध घेता येतो. शाळेची जीप कोण चालवतो? वऱ्हाडाचा ट्रक कोणाच्या हाती देता? आपली लेकरे त्यात बसतात. विचारायला लाजू नका.

त्या लग्नाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ते त्या दोन घरांचे आहे. आम्ही सांगणार नाही. एवढेच सांगतो. त्या बापाने जे ठरवले, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ठरवले. अंगठा उठवत होता तोवर त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत होते. आता त्याला स्वतः वाचता येते. तुम्हालाही येते. तर मग वाचा, आणि मगच बोला.